अकरा गच्च्यांवरचं मीठ

रामटेके भाऊ कोणत्याही लोखंडाला आधी सरळ हात लावत नसत. फाटकाची कडी असो, जिन्याचा कठडा असो की कूलरचा पत्रा, ते उजव्या हाताची मागची बाजू हळूच टेकवायचे, क्षणभर थांबायचे आणि मगच पंजा फिरवून ती वस्तू धरायचे. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा फाटकापाशी त्यांचं हे चाललेलं पाहून मला वाटलं, तळहाताला काही लागलं असेल. विचारलं तर म्हणाले, "करंट असला ना ताई, त मूठ आपोआप मिटते. सरळ हातानं धरलं त सुटता येत नाही."

फाटकाला करंट कुठून येणार, असं मी हसत म्हटलं. ते हसले नाहीत. आत आले, चपला काढल्या नाहीत, त्याबद्दल माफी मागितली आणि थेट गच्चीचा जिना चढायला लागले.

आमची गल्ली नागपूरच्या उत्तर टोकाला आहे. अकरा घरं, एकमेकांना खेटून, गच्च्या जवळपास सारख्या उंचीच्या. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. नवरा भंडाऱ्याला नोकरीला, तो शनिवारी येतो. गल्लीचा सगळा कारभार चौधरी साहेब पाहतात. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, कोणाच्याही अडचणीला धावून जाणारा माणूस. माझे सासरे गेले तेव्हा नवरा भंडाऱ्याहून पोचेपर्यंत सगळी धावपळ त्यांनीच केली होती. त्यामुळे दिवाळीनंतर त्यांनी ओळखीचा एक ठेकेदार आणला आणि अकराही घरांवर सौर पॅनेल बसवायचं ठरवलं, तेव्हा कोणी फारशी चौकशी केली नाही. पंधरा दिवसांत गल्लीच्या डोक्यावर चंदेरी सांगाडे उभे राहिले आणि त्यांवर काळ्या काचा चढल्या. संध्याकाळी सगळे आपापल्या गच्चीवर जाऊन एकमेकांचे पॅनेल पाहत होते.

महिनाभरात काचांवर धूळ बसली आणि वीज कमी यायला लागली. मग चौधरी साहेबांनीच रामटेके भाऊंना शोधून आणलं. हे मला नंतर पुष्कळदा आठवलं. त्यांना गल्लीत आणणारे चौधरी साहेबच होते.

भाऊ गल्लीमागच्या वस्तीत बहिणीकडे राहायचे. साठी ओलांडलेली, अंगाने वाळलेले, खांदे मात्र रुंद. पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, डोक्याला गमछा, पायात जाड रबरी तळव्याच्या चपला. सोबत दोन बादल्या, लांब दांडीचा मऊ पुसणा आणि जुन्या सुती साड्यांचे तुकडे. ते सूर्य उगवायच्या आधी यायचे. तापल्या काचेवर गार पाणी पडलं की काच आतून तडकते आणि तो तडा महिनाभर दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. बोअरचं पाणी ते हातात धरायचे नाहीत, नळाचंच लागायचं, कारण बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काचेवर कायमचे बसतात. साबण नाही, ब्रश नाही. एक एक काच बाळाचं अंग पुसावं तशी पुसायची.

पुसून झालं की फडकं पांढऱ्या टबात पिळायचे आणि टबाकडे पाहत उभे राहायचे. डॉक्टर जसा रिपोर्ट वाचतो तसं ते पाणी वाचायचे. "ही रस्त्याची माती. हे सिमेंट आहे, मागच्या प्लॉटवर बांधकाम सुरू होऊन राहिलं. हे काळं म्हनजे राख, काल वारा फिरला." त्यात त्यांना आनंद वगैरे होत नसे. टबात काहीतरी वेगळं दिसेल याची ते वाट पाहत असावेत, असं मला उगाच वाटायचं.

गच्चीवर ते कधी बसत नसत. चहा दिला तर दारात येऊन, उंबऱ्याच्या आत उभं राहून प्यायचे. पॅनेलकडे पाठ करत नसत. मी एकदा म्हटलं की खाली मेन स्विच बंद करून ठेवला आहे, बसा निवांत. तर म्हणाले, "खालून बंद केलं म्हनजे हे झोपलं असं नाही ताई. उजेड आहे तोवर हे जागंच राहते." हे वाक्य ते सगळ्यांना सांगायचे. दूधवाल्यालासुद्धा.

तरुणपणी ते एका लाइनमनच्या हाताखाली होते. मग एका सोलरच्या कंपनीतर्फे कोकणात गेले आणि चौदा वर्षं तिकडेच राहिले. समुद्राला लागून असलेल्या गावांत घरोघरी फिरून पॅनेल स्वच्छ ठेवायचं काम. नागपूरची धूळ त्यांना काहीच वाटायची नाही. "धूळ दिसते तरी," म्हणायचे. "समुद्राचा वारा दिसत नाही. आठ दिवसांत काचेवर चिकट बसते. काच धुता येते, पन स्क्रूच्या आत गेलेलं मीठ धुता येत नाही. लोखंड वरून चांगलं दिसते आनि आतून पीठ होते." तिकडे दर आठवड्याला गोड्या पाण्याने काच, फ्रेम, नटबोल्ट सगळं धुवावं लागायचं. चौदा वर्षं केलेलं काम एकदम सोडून परत का आलात, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी बादली उचलली आणि पुढच्या घरी गेले.

जानेवारीतली गोष्ट. ते आमच्या जिन्यात उभे होते. तिथे भिंतीवर इन्व्हर्टरचा डबा आहे. त्यावरचा लाल दिवा लागलेला त्यांनी पाहिला आणि विचारलं, हा कधीपासून लागते. मी सांगितलं की थंडीत दव पडायला लागल्यापासून रोज सकाळी लागतो, ऊन वर आलं की जातो. आधी तो वाजायचासुद्धा, पण ठेकेदाराचा माणूस येऊन आवाज बंद करून गेला.

"तुमच्याच घरचा?"

"नाही, सगळ्यांचा वाजायचा. सगळ्यांचे बंद केले त्याने."

भाऊ जिन्याच्या पायरीवर बसले. त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. थोड्या वेळाने म्हणाले, "तो डबा सांगून राहिला होता, का ओल आली का करंट सांगाड्यात उतरते. त्यानं त्याचं तोंडच दाबलं."

मग ते घराच्या मागे गेले. गच्चीवरून एक हिरवी वायर भिंतीच्या कडेने उतरून खाली मातीत गेलेली होती. जमिनीत खोल गाडलेल्या दांड्याला ती जोडलेली असली पाहिजे, म्हणजे चुकून उतरलेला करंट मातीत जातो, असं त्यांनी मला समजावलं. मग काडीने माती उकरली आणि वायर हळूच ओढली. हातभर वायर सरळ वर आली. टोकाला काहीच नव्हतं. दांडा नाही, पट्टी नाही, नुसतं कापलेलं टोक. भाऊंनी ती वायर पुन्हा मातीत ठेवली नाही. भिंतीला टेकवून ठेवली, मला रोज दिसावी म्हणून.

फेब्रुवारीत एका सकाळी त्यांनी मला गच्चीवर हाक मारली. सांगाड्याच्या खालच्या पाइपाचा एक बोल्ट त्यांनी काढला होता. चंदेरी रंग पापुद्र्यासारखा सुटला होता आणि खाली पांढरी भुकटी होती. ती त्यांनी जिभेच्या टोकाला लावली. पुन्हा लावली. मग बोटावर थोडी घेऊन माझ्यापुढे धरली.

"चाखा."

मी कचरले, पण चाखलं. खारट होतं. दुसरं काही नाही, स्वच्छ खारट.

भाऊंनी पाइपावर पान्याने दोनदा ठोकलं. आतून पचकन ओली वाळू पडली, बारीक, गोरी वाळू, आमच्या कन्हान नदीच्या वाळूसारखी नाही. त्या वाळूत ज्वारीच्या दाण्याएवढा एक शंख होता. भाऊंनी तो तळहातावर घेतला.

त्यांनी सांगितलं ते एवढंच, की समुद्राकाठी मोडीत निघालेले सांगाडे कोणीतरी इकडे आणले आहेत, घासून रंग मारला आहे. पॅनेलही तिकडचेच. मागचं स्टिकर नवीन आहे, फ्रेम जुनी आहे. मी विचारलं, मग हे किती दिवस उभं राहील? मे महिन्यात वादळं होतात. ते पलीकडे पाहत होते. सकाळची वेळ, गल्लीतल्या गच्च्यांवर बायका कपडे वाळत घालत होत्या. सगळ्यांनीच सांगाड्याच्या पायाला तार बांधली होती. भाऊंनी बोटाने तारा मोजल्या. दहा. मग माझ्या गच्चीवरच्या तारेकडे पाहिलं आणि म्हणाले, अकरा.

त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. उंबऱ्याच्या आत उभे राहिले आणि कोकणातली ती गोष्ट सांगितली. त्यांच्या नेहमीच्या घरांपैकी एक मासे वाळवणाऱ्या माणसाचं घर होतं. पावसाळ्याच्या तोंडाशी भाऊंना तिथल्या एका जोडणीत मीठ शिरलेलं दिसलं होतं. ती बदलायला दुसऱ्या दिवशी परत यावं लागलं असतं. ते त्या घरच्या बाईला म्हणाले, पावसाळ्यानंतर पाहू. आठ दिवसांनी तिने सांगाड्याला बांधलेल्या तारेवरून ओला टॉवेल काढला.

"मी तिच्या मयतीले गेलो ना," भाऊ म्हणाले. "मले वाटलं तो मानूस मारन. त्यानं काही नाही केलं. त्यानं मले चहा देल्ला."

मग पुन्हा उंबऱ्याबाहेर जाऊन त्यांनी आमच्या गच्चीवरची कपड्यांची तार मला न विचारता सोडली.

मार्चच्या पहिल्या रविवारी चौधरी साहेबांच्या ओसरीवर गल्लीची बैठक झाली. भाऊ धुतलेला पांढरा शर्ट घालून आले होते. त्यांना खुर्ची दिली, ते बसले नाहीत. त्यांनी थोडक्यात सांगितलं. डब्याचं, हिरव्या वायरीचं, मिठाचं. मग खिशातून कागदाची पुडी काढून तो शंख टेबलावर ठेवला. कोणीतरी म्हणालं, घरातल्या मासोळ्यांच्या काचपेटीतला असेल. दोघं-चौघं हसले. मग बरेच जण हसले.

चौधरी साहेब हसले नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "रामटेके, तुमाले कामाले मीच बोलावलं ना? आता तुमीच सांगून राहिले का मी लोकाइले फसवलं?"

"तुमी नाही फसवलं साहेब," भाऊ म्हणाले. "तुमी बी फसले."

ते शब्द चांगल्या मनाने म्हटलेले होते. पण फसवणारा म्हटलं असतं तर चौधरी साहेबांना कदाचित कमी लागलं असतं. त्यांनी आवाज न चढवता सांगितलं की उद्यापासून सफाईचं काम ठेकेदाराचा माणूस करेल.

तेव्हा भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. 'ताईंनी चाखलं आहे' असं ते म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत. नुसतं पाहिलं. माझा नवरा माझ्या शेजारी बसला होता. आदल्या रात्री त्याने मला समजावलं होतं, की चौधरींचे आपल्यावर उपकार आहेत, तू मध्ये पडू नको, नंतर मी एकटा भेटून बोलतो. मी हातातल्या कपाकडे पाहत राहिले. चहावर साय धरली होती. पुन्हा मान वर केली तेव्हा भाऊ पुडी खिशात घालत होते.

नवरा एकटा भेटून काही बोलला नाही. मीही पुन्हा विषय काढला नाही.

ठेकेदाराचा माणूस भर दुपारी यायचा आणि बोअरच्या पाण्याचा पाइप जोरात सोडून तापलेल्या काचा धुवायचा. एप्रिलपर्यंत काचांवर पांढरे डाग पडले. भाऊ मात्र रोज पहाटे येतच राहिले. कोणी बोलावलं नव्हतं, कोणाच्या गच्चीवर जायची परवानगी नव्हती. ते प्रत्येक घरासमोर खाली उभे राहायचे, वर सांगाड्याकडे पाहायचे आणि पुढच्या घरासमोर जायचे. अकरा घरं झाली की परत. लोक म्हणायला लागले की ह्याचं डोकं फिरलं आहे. कोणी म्हणालं, हा नजर लावून राहिला. एकाने खिडकीतून त्यांच्यावर पाणीही टाकलं. भाऊ बाजूला सरकले आणि पुन्हा वर पाहत राहिले.

मी त्यांना माझ्या गच्चीवर येऊ दिलं. माझ्याने तेवढंच झालं. त्यांनी गच्चीच्या दारावर आतून लाल रंगाने लिहिलं, 'ओलं असताना सांगाड्याला हात लावू नका.' अक्षर शाळकरी, ठळक. दोन दिवसांनी चौधरी साहेबांच्या बायकोने, मंदाताईंनी, मागच्या बोळात गाठून त्यांना विचारलं की आमच्या दारावरही लिहून देता का. त्यांनी लिहून दिलं. चौधरी साहेबांनी संध्याकाळच्या आत त्यावर चुना फिरवला. पण दुसऱ्या दिवसापासून मंदाताईंचे कपडे पुढच्या अंगणात वाळायला लागले. मग शेजारच्यांचे. हळूहळू कोणी काही न बोलता एकेका घरचे कपडे गच्चीवरून खाली उतरले. बैठकीत हसलेल्या पुरुषांना याचा पत्ताही नव्हता. एप्रिलच्या शेवटी वर दोनच तारा राहिल्या होत्या.

मी भाऊंना म्हटलं की निदान एवढं तरी झालं. ते म्हणाले, "बायकाइनं ऐकलं. वारा कोनाचं ऐकते?"

मेच्या मधल्या आठवड्यात एक दिवस असा उजाडला की सकाळी आठलाच भिंती भाजत होत्या. मी अर्धा दिवस काम करून दुपारी घरी आले तेव्हा भाऊ गल्लीच्या तोंडाशी उभे होते. सकाळपासून तिथेच असल्याचं मंदाताईंनी सांगितलं. पानसुद्धा हलत नव्हतं. पश्चिमेकडे आभाळ तांबूस-तपकिरी व्हायला लागलं होतं. भाऊ गल्लीत येणाऱ्या प्रत्येकाला अडवत होते. भाजीवाल्याची गाडी परत पाठवली, भिंतीला लावलेल्या दुचाक्या आत घ्यायला लावल्या. लोक वैतागून, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून ऐकत होते.

चारच्या सुमारास वारा आला. आधी धूळ, मग पत्रे, प्लास्टिक, कोणाची तरी कुंडी. मी खिडकीतून पाहत होते. चौधरी साहेबांच्या गच्चीवरून खडखड आवाज यायला लागला. सांगाड्याचा एक कोपरा वाऱ्याबरोबर उचलला जात होता आणि परत आपटत होता. तेवढ्यात मंदाताई दारात आल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "साहेब वर गेले. दोर घेऊन बांधाले गेले."

भाऊ धावत त्यांच्यापाशी गेले. त्यांनी एकच विचारलं. "पायात काय आहे त्याइच्या?"

"काही नाही," मंदाताई म्हणाल्या. "तसेच गेले."

त्याच वेळी पावसाचे थेंब पडायला लागले, मोठे मोठे, मातीसकट.

मी कशी रस्ता ओलांडून त्यांच्या जिन्यात पोचले ते आठवत नाही. भाऊ पुढे होते. जिन्याच्या वळणावर पाहुण्यांसाठीची कापसाची गादी गुंडाळून ठेवलेली होती, ती त्यांनी उचलली आणि छातीपुढे धरली. दाराशी मला म्हणाले, "उंबऱ्याच्या बाहेर पाय टाकू नका ताई." मी दारातच थांबले.

चौधरी साहेब सांगाड्याच्या पुढच्या पायाशी वाकलेले होते. दोन्ही हातांनी पाय धरला होता. एखादा माणूस गाठ मारत असावा तसे दिसत होते. दोर मात्र त्यांच्या पायाशी पडला होता. तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. हे सगळं पाऊस पडत असताना, दिवसाच्या उजेडात.

भाऊ थांबले नाहीत. गादीसकट त्यांनी साहेबांच्या अंगावर धडक दिली. दोघंही गच्चीच्या कठड्याकडे फेकले गेले. साहेबांचे हात सुटले आणि त्यांच्या घशातून एक आवाज आला, तो मी विसरलेले नाही. भाऊ उठून त्यांना गादीने दाराकडे ढकलत होते, तेव्हा मागे सांगाड्याचा पाय मोडला. तुराटी मोडावी तसा, एवढ्याशाच आवाजाने. चार पॅनेलसकट तो सांगाडा झाकणासारखा उभा राहिला, क्षणभर वाऱ्यात तसाच थांबला, मग फिरला. त्याची कड भाऊंच्या डाव्या खांद्यावर बसली. मग तो कठड्यावरून मागच्या बोळात गेला. काचेचा आवाज किती तरी वेळ येत राहिला.

त्या दिवशी आणखी दोन घरांवरचे सांगाडे उडाले. एक गल्लीच्या मधोमध पडला, जिथे एरवी त्या वेळी भाजीची गाडी उभी असते. गल्ली रिकामी होती.

चौधरी साहेब वाचले. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं आता सरळ होत नाहीत. भाऊंचा खांदा दोन ठिकाणी मोडला. दवाखान्यात त्यांच्या खाटेपाशी चौधरी साहेब आले तेव्हा मी तिथेच होते. दोन्ही हातांना पट्ट्या, त्यामुळे हात जोडता येत नव्हते. त्यांनी नुसती मान वाकवली. मग म्हणाले, "तुमी सांगतलं होतं."

"सांगतल्यानं काय होते साहेब," भाऊ म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं.

चौधरी साहेब गेल्यावर मी खाटेच्या कडेला बसले. बैठकीत मी गप्प राहिले, हे मला त्यांना सांगायचं होतं. नवऱ्याचं, उपकारांचं, सगळं मनात जुळवून आणलं होतं. प्रत्यक्षात एवढंच म्हणता आलं की भाऊ, मी त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं.

"हो," ते म्हणाले.

दुसऱ्या कोणी 'जाऊ द्या' म्हटलं असतं. ते म्हणाले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी पाणी मागितलं, मी दिलं.

ठेकेदाराचा फोन वादळाच्या दिवसापासून बंद होता. त्याचं दुकान म्हणून जी जागा सांगितली होती तिथे दुसरंच कोणी होतं. गल्लीने पोलिसांत तक्रार केली, ती अजून तशीच आहे. अकराही घरांवरचे उरलेले सांगाडे आणि पॅनेल उतरवून कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटवर रचले. जूनच्या सुरुवातीला एका भंगारवाल्याने ते न्यायला ट्रक पाठवला.

भाऊ तेव्हा दवाखान्यातून घरी आले होते. डावा हात गळ्यात बांधलेला, तो छातीच्या वर उचलता येत नव्हता. माल चढवताना ते एका बाजूला उभे राहून पाहत होते. मजूर मोडकं आणि धड वेगवेगळं रचत होते, मोडकं खाली, धड वर, मध्ये गोणपाट. भाऊंनी ड्रायव्हरला विचारलं की भंगारच आहे, तर हे निवडून काहून ठेवून राहिले. ड्रायव्हर साधा माणूस होता. त्याने लपवलं नाही. म्हणाला, चांगला माल एक पार्टी वेगळा घेते. रंग मारते आणि खेड्यापाड्यांत लावते.

"कोनत्या गावात?"

ड्रायव्हरला ते माहीत नव्हतं. मौद्याच्या पुढे एका गोदामात उतरवायचं, एवढंच त्याला सांगितलं होतं.

चौधरी साहेबांनी हे ऐकलं आणि माल खाली उतरवा म्हणाले. मजुरांनी ऐकलं नाही, सौदा झालेला होता, मालक फोन उचलत नव्हता. साहेब ट्रकपुढे उभे राहिले. मग शेजारच्यांनीच त्यांना हाताला धरून बाजूला केलं. आपल्या घरावरून गेलं ना, आता कशाला, असं एक जण म्हणाला. पोलिसांना फोन मी केला. येतो म्हणाले.

या सगळ्या गडबडीत भाऊ ट्रकच्या दुसऱ्या बाजूने केबिनमध्ये चढले होते. एका हाताने कसे चढले ते कोणी पाहिलं नाही. मी खिडकीपाशी गेले आणि विचारलं की कुठे निघालात, तुम्हाला अजून धड बसवत नाही.

"माल कुठं उतरते ते पाहतो," ते म्हणाले. "मंग तो कोनाच्या घरावर चढते ते पाहतो."

"आणि मग काय कराल?"

"सांगन," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांच्या बहिणीला त्यांचे दोन फोन आले. पहिला त्याच संध्याकाळी, गोदाम सापडलं म्हणून. दुसरा चार दिवसांनी, रामटेककडच्या कुठल्याशा खेड्यातून. तिथे एका घरावर सांगाडा चढवणं सुरू आहे, घरचा माणूस ऐकून घेत नाही, पण त्याच्या बायकोशी बोलणं झालं आहे, असं ते म्हणाले. तेव्हापासून फोन लागत नाही. चौधरी साहेब आणि मी दोनदा जाऊन आलो. त्या बाजूच्या गावांत आता पुष्कळ घरांवर पॅनेल आहेत. चंदेरी, नवे, उन्हात चकाकणारे. रस्त्यावरून पाहून कोणते चांगले आणि कोणते तसले ते आम्हाला ओळखता आलं नाही. एका गावात चहाच्या टपरीवरच्या बाईने सांगितलं की हात गळ्यात बांधलेला एक म्हातारा आला होता, घरासमोर उभा राहून वर पाहत बसायचा, लोकांनी हाकलून दिला. कुठे गेला ते तिला माहीत नव्हतं. पावसाळा तेव्हा सुरू झालेला होता.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या ट्रकमध्येच. पोलिस यायच्या आधी ट्रक निघाला. गल्लीच्या तोंडाशी खड्डा आहे, तिथे तो एका बाजूला कलला आणि वरचा माल खणखणला. भाऊंनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून मागे पाहिलं. मी हात वर केला. पण ते आमच्याकडे पाहत नव्हते. मालावरचा दोर कुठे सैल तर पडला नाही ना, ते पाहत होते. खात्री झाल्यावर त्यांनी डोकं आत घेतलं, आणि ट्रक हमरस्त्याला लागला.